टीना टर्नर, एकटीची गाणी: कार्यक्रमाच्या कामाच्या नोंदी

30 मार्च 2025, रविवार (पाडवा)

श्रीखंड खाऊन झाल्यावर वाचनालयाच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला, हॉल मिळाला. 24 मे, शनिवार, संध्याकाळी 6 ते 8. खुर्च्या 70, स्पीकर त्यांचे, बाकी सगळं आपलं. 24 मे मुद्दामच मागितली होती, त्याच दिवशी 2023 मध्ये गायिका टीना टर्नर गेली, 83 वर्षांची होती.

म्हणजे आता खरंच करायचंय. दोन तास, गाणी ऐकवायची आणि मधे मधे मराठीत बोलायचं. विषय फक्त तिची एकटीची कारकीर्द, नवरा आणि बँडप्रमुख आयक टर्नरपासून वेगळी झाल्यावरची. आपल्याकडे लोकांना एकतर ते पाय आणि ते केस माहितीयेत, नाहीतर नवरा मारायचा ती ना, एवढंच. गाण्याबद्दल कोण बोलतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मिनिटांची पहिली वाटणी, वहीतून उतरवतेय: आयकबरोबरचा काळ 20, 1976 ते 83 ला 10, 1984-85 ला (म्हणजे 'प्रायव्हेट डान्सर' हा अल्बम) 50, पुढचं सगळं 30, शेवटी प्रश्न 10.

धाकट्या भावाने आवाजाचं काम अंगावर घेतलंय. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली कॅसेट माझी लावायची, तुमचं ते मोबाईलवरचं नको.

2 एप्रिल

मावशीची कॅसेट आली. 'प्रायव्हेट डान्सर', 1985 मध्ये काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली, तेव्हा ती फोर्टात बँकेत होती, पगाराच्या दिवशी जाऊन आणली. कव्हरचा कागद घडीवर फाटलाय पण टेप बरी दिसतेय.

डेक बाबांचा. चालू केला तर मोटर फिरते पण चक्र फिरत नाही. उघडला तर आतला बेल्ट वितळून डांबरासारखा झालाय, सगळीकडे चिकटलाय, पूर्ण संध्याकाळ कापसाचे बोळे आणि स्पिरिट घेऊन ते खरवडण्यात गेली. नवीन बेल्ट लॅमिंग्टन रोडवरून आणायला भावाला सांगितलंय.

कॅसेटमध्ये टेपला मागून दाबणारा जो छोटा फोमचा तुकडा असतो ना तो सुटून पडलाय, त्याशिवाय आवाज बसका येतो. एका जुन्या भजनाच्या कॅसेटचा काढून लावला.

5 एप्रिल

बेल्ट बसला, हेड साफ केलं. आधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घेतली, इतकी वर्षं पडून राहिलेली टेप आपल्यातच चिकटलेली असते. मग हेडचा कोन जुळवायचा स्क्रू केसभर फिरवला आणि एकदम वरचे सूर उघडले, झांजा ऐकू यायला लागल्या. भाऊ म्हणाला ताई, हिस (टेपची मागची सरसर) आहे तो काढू का, म्हणलं हात लावू नकोस. हिस काढायला गेलं की तिच्या आवाजाची खरखर पण जाते आणि ती खरखर हीच तर मुख्य गोष्ट आहे.

6 एप्रिल

आज निवेदन लिहायला बसले. सुरुवात डॅलसपासून.

कच्चा मसुदा: नाव ॲना मे बुलक. जन्म 26 नोव्हेंबर 1939, टेनेसी राज्यातल्या ब्राउन्सव्हिलचा, वाढली जवळच्या नटबुशमध्ये, कापसाचं गाव. सेंट लुईसला आयकच्या बँडमध्ये आली, 1960 मध्ये पहिलं गाणं चाललं आणि 'टीना' हे नाव आयकने ठेवलं, नुसतं ठेवलं नाही तर आपल्या मालकीचं करून ठेवलं, उद्या ही सोडून गेलीच तर दुसरी कुणीतरी उभी करून तिलाही टीना म्हणता आलं पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला मारहाणीइतकंच ते लागलं. माणसाचं नाव सुद्धा भाड्याने दिल्यासारखं.

जुलै 1976. डॅलसला कार्यक्रमासाठी उतरले, विमानतळावरून हॉटेलला जाताना गाडीत मारामारी, या वेळी तिने उलटून मारलं. तो झोपल्यावर ती निघाली, हायवे ओलांडून पलीकडच्या हॉटेलात गेली, जवळ 36 सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. वय पण 36.

यावर किती थांबायचं हा प्रश्न आहे. सिनेमा, नाटक सगळ्यांनी इथेच मुक्काम केलाय. मी ठरवलंय की मारहाणीचे तपशील द्यायचे नाहीत, रस्ता ओलांडला इथपासून सुरू करायचं. आधीचं जे सांगायचं ते गाण्यातून सांगायचं, 1966 चं 'रिव्हर डीप माउंटन हाय' (निर्माता फिल स्पेक्टरने आयकला स्टुडिओबाहेर ठेवून फक्त हिला गाऊन घेतलं, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत इंग्लंडात 3 नंबरला, अमेरिकेत 88 वर अडकलं) आणि 1973 चं 'नटबुश सिटी लिमिट्स', जे तिने स्वतः लिहिलंय, आपल्याच गावावर. ही दोन पुरेत. आयकबरोबरच्या 'प्राउड मेरी' शिवाय कार्यक्रम कसा म्हणून भाऊ भांडतोय.

7 एप्रिल

'प्राउड मेरी' एक मिनिट घेतलं. सावकाश बोलत बोलत सुरू होतं तेवढंच, दणका सुरू व्हायच्या आधी फेड आउट. आयकच्या काळाला 20 ची 12 मिनिटं केली. भाऊ नाराज आहे पण कार्यक्रम एकटीच्या गाण्यांचा आहे.

11 एप्रिल

एक गोष्ट चुकीची धरून चालले होते. सोलो करिअर 1984 ला सुरू झालं असं सगळीकडे लिहितात, मी पण वहीत तसंच लिहिलं होतं. पण तिचे चार सोलो अल्बम त्याच्या आधीच आलेत. 1974 चा कंट्री गाण्यांचा, 1975 चा 'ॲसिड क्वीन', हे दोन आयकबरोबर असतानाच, मग वेगळी झाल्यावर 1978 चा 'रफ' आणि 1979 चा 'लव्ह एक्स्प्लोजन'. चारही फारसे चालले नाहीत, शेवटचा तर अमेरिकेत काढलाच नाही, आणि त्यानंतर कंपनीने करार संपवला.

आज दुपारभर 'रफ' आणि 'लव्ह एक्स्प्लोजन' लागोपाठ ऐकले. माझं मत असं की आवाजात काहीही कमी नाही. 'रफ' मध्ये तर ती अशी गातेय की वर्षानुवर्षं कोणी तोंडावर हात धरला होता आणि आत्ता काढलाय. पण गाणी अशी निवडलीयेत की कुणालाच ठरवता आलेलं नाही ही बाई कोण आहे, एक गाणं रॉक, एक डिस्को, एक ब्लूज, मागे वाजवणारे आपले ठरलेल्या पैशात ठरलेलं वाजवून निघून गेलेत असं वाटतं. 'लव्ह एक्स्प्लोजन' मध्ये डिस्कोचा ठेका इतका पक्का की तिला श्वास घ्यायलाही जागा नाही, आणि ती तर अशी गायिका आहे की ठेक्याच्या जरा मागे राहून मग झेप घेते. झेप घ्यायला जागाच ठेवली नाही.

हे ऐकवायलाच पाहिजे. फसलेलं ऐकल्याशिवाय पुढचं काय बदललं ते कळणारच नाही.

12 एप्रिल

मावशीला 'रफ' ऐकवला. ती डोळे मिटून ऐकत होती, मग विचारलं तेव्हा ही काय वयाची? म्हणलं 38. "आणि माझ्या कॅसेटच्या वेळी?" 44. मावशी गप्पच झाली. चाळीस वर्षं ती कॅसेट तिच्याकडे आहे आणि तिला वाटत होतं की गाणारी पंचविशीतली असणार, आपल्याच वयाची. "मी सव्वीसची होते गं तेव्हा, आणि आमच्या ऑफिसात चव्वेचाळीसच्या बायका म्हणजे आम्ही म्हाताऱ्याच धरायचो."

19 एप्रिल

सात वर्षांचा तक्ता केला. 1976 चा जुलै ते 1983 चा नोव्हेंबर, सव्वासात खरं तर.

आयकबरोबरचे ठरलेले कार्यक्रम ती निघून गेल्यामुळे रद्द झाले, त्याची देणी हिच्या डोक्यावर आली. काही काळ सरकारी अन्नकुपनांवर घर चाललं. 1978 च्या मार्चमध्ये घटस्फोट पूर्ण झाला, त्यात तिने काय मागितलं तर मुख्य म्हणजे नाव. पैसा नाही, स्टुडिओ नाही, टीना टर्नर हे नाव माझं राहील. जे नाव त्याने दिलं आणि स्वतःकडे ठेवलं तेच. त्यानंतर लास व्हेगासची कॅबरे, हॉटेलांच्या बॉलरूम, टीव्हीवरचे गेम शो आणि करमणुकीचे कार्यक्रम, इटलीत एक टीव्ही मालिका, परदेश दौरे, जिथे पैसे मिळतील तिथे. पिसं लावलेले ड्रेस, मागे नाचणारी मुलं, समोर जेवणारी माणसं.

1979 चा दक्षिण आफ्रिकेचा दौरा पण याच काळातला, वर्णभेदाच्या राजवटीत. नंतर तिने म्हटलंय की तिथल्या राजकारणाची आपल्याला समज नव्हती आणि त्याचा पश्चात्ताप झाला. भाऊ म्हणाला हे कशाला सांगतेस, आपण तिचा कार्यक्रम करतोय ना. मला ते पटत नाही. आमच्या घरात हा विषय जवळचा आहे, त्यावरून तोंड फिरवून मी टीनाचं कौतुक करू शकणार नाही. तीन वाक्यं ठेवलीयेत, चूक म्हणून, आणि तिनेही ती चूक मानली म्हणून.

मावशी आली होती, तक्ता वाचला आणि म्हणाली याला दहाच मिनिटं? अगं यश मिळालेलं काय, ते कोणीही सांगेल, माणूस मधल्या काळात काय खात होता ते सांग की.

ती बरोबर बोलली. आणि टीना स्वतः पण 2021 च्या माहितीपटात तेच म्हणते, की 1984 ला तुम्ही पुनरागमन म्हणता पण टीना त्याआधी कधी आलीच नव्हती, ते तिचं पहिलं येणं. मग पहिल्या येण्याच्या आधी माणूस जे करतो त्याला तयारी म्हणतात, रिकामी वर्षं नाही म्हणत. 200 माणसं जेवतायत आणि त्यांना ताटावरून मान वर करायला लावायचीये, हे सात वर्षं रोज रात्री केलेली बाई आहे ही.

1976 ते 83 ला 35 मिनिटं. 'प्रायव्हेट डान्सर' ची 12 कापली.

22 एप्रिल

रॉजर डेव्हिस. ऑस्ट्रेलियन, गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या मॅनेजरबरोबर काम करणारा तरुण मुलगा. टीनाचा हॉटेलातला शो बघायला सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिचं काम घेतलं. त्याने काय केलं ते फार साधं आहे, कपडे बदलले, नाचणारी मुलं काढली, बँड छोटा आणि तरुण केला, आणि जेवणाच्या जागा सोडून उभं राहून ऐकायच्या क्लबात आणलं. न्यूयॉर्कच्या 'रिट्झ' ला 1981 मध्ये शो झाला, रॉक गायक रॉड स्ट्युअर्टने बघितला आणि टीव्हीवर आपल्याबरोबर गायला बोलावलं, त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या दौऱ्यात काही ठिकाणी आधी गायली.

तरी रेकॉर्ड कंपन्या नाहीच म्हणत होत्या. चाळिशी ओलांडलेली, काळी, आणि रॉक गाणार म्हणते. तिला आर अँड बी नाही गायचं होतं, स्टेडियममध्ये रॉक गाणारी व्हायचं होतं. लोक म्हणायचे असं कुणी आहे का, तर नव्हतं.

1983 ला परत रिट्झ, आणि गायक डेव्हिड बोवीने कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना सांगितलं की मी आज माझ्या आवडत्या गायिकेला ऐकायला चाललोय. सगळे मागोमाग गेले. तिच्या गाण्यात त्या दिवशी काही वेगळं नव्हतं, तेच रोजचं. ऐकणारे बदलले.

27 एप्रिल

आजचा दिवस सगळ्यात चांगला गेला. 'लेट्स स्टे टुगेदर' शेजारी शेजारी लावून ऐकलं, आधी सोल गायक अल ग्रीनचं मूळ गाणं, मग टीनाचं.

अल ग्रीनचं मेम्फिसचं, 1972 ला अमेरिकेत एक नंबरला होतं. मेम्फिसपासून नटबुश गाडीने तासाभरावर, म्हणजे ही तिच्या मुलखातलीच भाषा. तो गातो म्हणजे कानाशी येऊन कुजबुजतो, ड्रम सुद्धा रुमाल टाकून वाजवल्यासारखे, समजूत काढणारा माणूस आहे. टीनाचं 1983 च्या नोव्हेंबरमध्ये आलं, लंडनमध्ये केलं, बनवणारे हेवन सेव्हन्टीनचा मार्टिन वेअर आणि ग्रेग वॉल्श. हेवन सेव्हन्टीन म्हणजे शेफील्डची सिंथेसायझरवाली पोरं. त्यांच्या बाजूच्या प्रकल्पासाठी 1982 ला तिने 'बॉल ऑफ कन्फ्युजन' गायलं होतं, त्यासाठी आधी जेम्स ब्राउनला विचारलं होतं, ते जमलं नाही म्हणून ही आली. स्टुडिओत येऊन तिने विचारलं बँड कुठंय, तर वेअरने मशीनकडे बोट दाखवलं, हा किस्सा तो सांगतो.

आता ऐकताना काय होतं ते. सुरुवातीला ठेका नाहीच, नुसता लांबवलेला सिंथचा सूर आणि ती एकटी. घाई नाही. शब्द एकेक करून ठेवते. आणि अल ग्रीन जिथे विनवतो तिथे ही सांगते, आपण एकत्र राहूया हे बोलायचा अधिकार असलेली बाई बोलतेय असं वाटतं, आणि आपल्याला तर माहितीये की ही राहिलेली नाही, निघून आलेली आहे, तरी हे गाणं गातेय. मग ठेका येतो. मशीनचा, थंड, एकसारखा. आणि इथे मला एकदम कळलं की 'लव्ह एक्स्प्लोजन' मध्ये पण ठेका मशीनसारखाच होता मग तिथे का गुदमरली आणि इथे का नाही, तर इथे ठेका आणि तिच्यामध्ये काहीच भरलेलं नाही. ब्रास नाही, व्हायोलिनांचा ढीग नाही. मोकळी जागा आहे, तिथे तिची खरखर राहू शकते. त्या पोरांनी तिचा आवाज सजवला नाही, त्याच्याभोवतीचं सामान हलवलं.

इंग्लंडात 6 नंबरला गेलं. आयात केलेल्या प्रती अमेरिकेतल्या क्लबांत वाजायला लागल्या आणि मग कॅपिटॉलला घाई झाली, अल्बम पाहिजे, लगेच पाहिजे.

कार्यक्रमात दोन्ही लावायची, अल ग्रीन 50 सेकंद, टीना पूर्ण. पूर्ण म्हणजे पूर्ण, मधे बोलायचं नाही.

1 मे

सुट्टी. 'व्हॉट्स लव्ह गॉट टु डू विथ इट' वर दिवस घालवला.

टेरी ब्रिटन आणि ग्रॅहॅम लायलचं गाणं. आधी गायक क्लिफ रिचर्डकडे गेलेलं, त्याने घेतलं नाही, बक्स फिझ या पॉप ग्रुपने रेकॉर्ड करून ठेवलेलं. टीनालाही आवडलं नव्हतं, फार गुळगुळीत पॉप वाटलं. ब्रिटनने तिच्या आवाजाला बसेल असं पट्टी बदलून, जरा खडबडीत करून दिलं. 1984 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एक नंबरला, तीन आठवडे. वय 44, तोपर्यंत एवढ्या वयाची एकटी गाणारी बाई त्या यादीत वर पोचलेली नव्हती. पुढच्या वर्षी ग्रॅमीत रेकॉर्ड ऑफ द इयर.

मला लोकांना हे दाखवायचंय की ज्या बाईला सगळे ओरडणारी म्हणून ओळखतात तिचं सगळ्यात मोठं गाणं ओरडण्याचं नाहीये. कडवी ती खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणते. हळूच धरून ठेवते. ध्रुवपदात सुद्धा पूर्ण सोडत नाही.

नावाचं मराठी काय करायचं यावर अडकले. "प्रेमाचा काय संबंध" हे कोरडं, ऑफिसात विचारल्यासारखं. मावशीला विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "यात प्रेम कुठनं आलं मधेच?" तेच घेतलं. मधेच या शब्दात सगळं आहे, ती स्वतःलाच अडवतेय.

4 मे

'प्रायव्हेट डान्सर' अल्बम, 29 मे 1984. साधारण दोन आठवड्यांत केला, इंग्लंडमध्ये, आणि एक निर्माता नाही तर चार-पाच वेगवेगळ्या टोळ्या. ब्रिटन, वेअर, रुपर्ट हाइन, जॉन कार्टर. खरं तर हे असं केलेलं 'रफ' सारखंच विस्कळीत व्हायला पाहिजे होतं. नाही झालं. का, यावर मी विचार करतेय आणि मला वाटतं की या वेळी प्रत्येकाने एकाच माणसासाठी गाणं शिवलं. रुपर्ट हाइनकडच्या 'आय माइट हॅव बीन क्वीन' चे शब्द तर तिचं आयुष्य ऐकून लिहिलेले आहेत.

शीर्षकाचं गाणं मार्क नॉफ्लरने आपल्या डायर स्ट्रेट्स या बँडसाठी लिहिलं होतं, मग त्यालाच वाटलं हे पुरुषाने गाऊ नये. डायर स्ट्रेट्सचेच लोक वाजवायला आले, नॉफ्लर सोडून, म्हणून गिटारचा सोलो जेफ बेकचा. पैसे घेऊन अनोळखी माणसांसमोर नाचणाऱ्या बाईचं गाणं. हॉटेलांच्या बॉलरूममधली सात वर्षं डोक्यात ठेवून ऐकलं की ते वेगळंच लागतं. ते मी बोलून दाखवणार नाही, फक्त क्रम तसा लावलाय, कॅबरेचा तक्ता आधी झालेला असेल.

जगभर एक कोटीच्या वर प्रती गेल्या. हे एका वाक्यात.

8 मे

कॅसेटवरून संगणकात घेतलेला आवाज आणि डिजिटल दोन्ही भावाने आंधळेपणाने ऐकवले, न सांगता कुठलं कोणतं. मावशीने तीनपैकी तिन्ही वेळा आपली कॅसेट ओळखली. दुसऱ्या बाजूची तीन गाणी तिच्या कॅसेटवरचीच लावायची असं ठरलं.

12 मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात वंदना, खीर, मग घरी येऊन शेवटच्या भागाचं लिहिलं, कारण तो आजच लिहायचा होता.

टीना 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, आयकच्या घरात असतानाच, निचिरेन परंपरेतला मंत्र म्हणायला लागली, नाम म्योहो रेंगे क्यो. निचिरेन 13 व्या शतकातले जपानी भिक्खू. यातलं 'नाम' म्हणजे आपलं नमो, संस्कृतातूनच गेलेलं, आणि म्योहो रेंगे क्यो म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राचं नाव. आमची वाट बाबासाहेबांची, त्यात मंत्रजपाला तशी जागा नाही, माझे वडील असते तर म्हणाले असते की जप करून काय होतंय. पण ती कसं सांगते ते बघितलं तर ती चमत्काराचं सांगत नाही, ती म्हणते रोज बसल्याने मला स्पष्ट दिसायला लागलं आणि मग मी निघाले. निघाली ती स्वतःच्या पायांनीच. मला यात अडचण वाटत नाही.

2009 मध्ये मोठ्या मंचावरून निवृत्त झाली, शेवटचा कार्यक्रम मे महिन्यात इंग्लंडात शेफील्डला (ज्या गावच्या पोरांनी 1983 ला तिला उभं केलं तेच गाव, हे मला आजच लक्षात आलं आणि किती वेळ नुसती बसून राहिले). त्याच वर्षी 'बियाँड' नावाचा प्रार्थनांचा अल्बम, बौद्ध आणि ख्रिस्ती, स्वित्झर्लंडमधल्या रेगुला कुर्ती आणि तिबेटी मुळाच्या देचेन शाक-दागसाय यांच्याबरोबर. 2011 च्या पुढच्या अल्बममध्ये ती 'सर्वेषां स्वस्तिर्भवतु' म्हणते. उच्चार आपल्यासारखे नाहीत, ते ठीकच, पण आवाज खाली बसलेला, म्हातारा, शांत. या मालिकेत पुढे पुण्याच्या सावनी शेंडे-साठ्ये पण गायल्यात. हॉलमध्ये कुणाला हे माहीत असेल असं वाटत नाही. 8 मिनिटं याला.

15 मे

1985 ते 2000 ला 20 मिनिटं, पटापट. 'मॅड मॅक्स' मधली भूमिका आणि गाणं, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरबरोबर, 16 जानेवारी 1988 ला रिओच्या मॅराकाना स्टेडियमवर 1 लाख 80 हजारांच्या वर तिकीट काढून आलेली माणसं (स्टेडियमच्या स्वप्नाचं काय झालं त्याचं उत्तर), 1989 चं 'द बेस्ट', जे आधी बॉनी टायलरने गायलेलं, 1995 ला बाँडपटाचं 'गोल्डनआय', यू2 बँडच्या बोनो आणि एजने लिहिलेलं.

खरं सांगायचं तर 1986 नंतरचे अल्बम मला तेवढे जवळचे नाहीत. चांगले आहेत, चकचकीत आहेत, पण जागा परत भरत गेली, गिटार, कोरस, की-बोर्ड. आवाज तसाच. अपवाद 'गोल्डनआय', तिथे परत ती मोकळी पोकळी आहे आणि ती मांजरीसारखी त्यात फिरते.

भावाला 'द बेस्ट' शेवटी पाहिजे, लोक टाळ्या वाजवत घरी जातील म्हणतो. शेवटी प्रार्थना हवी असं माझं. मावशीने निकाल दिला, 'द बेस्ट' मध्यंतरासारखं मधे वाजवा, चहा तेव्हा द्या.

20 मे

रंगीत तालीम, माझ्या घरी. बाहेर वळवाचा धो धो पाऊस, मधे दोनदा लाईट गेली, यूपीएसवर डेक काही चालेना. 24 ला असंच झालं तर कॅसेटची तीन गाणी पेन ड्राइव्हवर पण ठेवायची.

वेळ मोजला, 2 तास 17 मिनिटं. 17 मिनिटं कापायची आहेत. कापलं: मॅड मॅक्सचं गाणं, लाइव्ह एड, गायक ब्रायन ॲडम्सबरोबरचं गाणं, आणि माझं स्वतःचं बोलणं बरंच. सात वर्षांतलं काही कापलं नाही. मॅराकानाची क्लिप पण गेली, फक्त आकडा सांगणार. कसंबसं 1 तास 59.

25 मे

काल झालं. पाऊस होता तरी 52 लोक आले, त्यातले निम्मे वाचनालयाचे नेहमीचे आजी-आजोबा, बाकी कॉलेजची पोरं, त्यांना बहुतेक 2020 च्या डीजे कायगोच्या रिमिक्सवरून टीना माहीत.

सात वर्षांच्या भागात कुणी उठलं नाही. 'रफ' मधलं गाणं लावलं तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला हे फ्लॉप का झालं पण, आवाज तर भारी आहे, आणि मला तेव्हाच कळलं की पुढचं नीट पोचणार. मग 'लेट्स स्टे टुगेदर'. ठेका येईपर्यंत हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. 'यात प्रेम कुठनं आलं मधेच' यावर बायका हसल्या, मोकळ्या हसल्या.

कॅसेट पहिल्या दोन गाण्यांना छान चालली, तिसऱ्याला जरा डुगडुगली, भावाने पेन ड्राइव्हवर घेतलं, कुणाला कळलं नसावं. मावशीला कळलं.

प्रश्नांत एका मुलीने विचारलं, अकरावीतली असेल, की नवऱ्याला सोडलं तर आडनाव का ठेवलं त्याचं. मी घटस्फोटाचं सांगायला लागले तेवढ्यात मावशी खुर्चीवरूनच म्हणाली, अगं त्याचं कुठे राहिलं होतं ते, सोळा वर्षं त्या नावावर राबली कोण. मी पुढे काही बोलले नाही.

एक आजोबा मॅराकाना दाखवलं नाही म्हणून रागावले. त्यांचा नंबर घेतलाय, क्लिप पाठवायची आहे.

हॉलचं भाडं दिलं, खुर्च्या लावून घेतल्या, वायरी मोजून परत. कॅसेट मावशीला दिली तर पर्समध्ये टाकताना म्हणाली ती तुझ्याकडची 'रफ' आहे ना, ती पूर्ण माझ्या फोनवर टाकून दे, मधली गाणी गाळू नकोस. आज संध्याकाळी टाकते.